घरच्या घरी उसनवारी

फोन आला तेव्हा मी दुसरा घास घेतला होता.
ओडलाउग हेल्लेसे. वय एकोणसाठ. टपाल वाटते.
बर्गेनच्या चढावरची घरं, रोज आठशे बारा पायऱ्या.
आकडा तिच्या नवऱ्याने सांगितला,
कुणी विचारला नसताना.
तो तिचा एकच बूट हातात धरून उभा होता.

सकाळी सातला ती म्हणाली, "किटली..."
आणि उरलेलं वाक्य
उजव्या हातासकट खाली गळून पडलं.

गुठळी निघाली. डाळिंबाच्या दाण्याएवढी,
तसलीच काळपट लाल.
पडद्यावर वाळल्या झाडाला फांद्या फुटाव्यात
तशा शिरा एकेक करून उमटल्या.
कुणीतरी टाळी वाजवली.
पण वाट मोकळी झाली म्हणून
घरातली चूल पेटतेच असं नाही.
आत विस्तव विझत चाललेला,
मिनिटाला एकोणीस लाख घरं, असं पुस्तकात आहे.
मी लाख मोजत नाही. मिनिटं मोजते.

मग तिच्याच मांडीतला वाटाण्याएवढा स्नायू
माझ्या बशीत येतो.
कात्रीने बारीक, आणखी बारीक.
मग गाळणं, मग पुन्हा गाळणं, सगळं बर्फावर.
बोटं बधिर होतात, ती माझी मी चोळते.
शेवटी नळीत उरतं ते
ताकावरच्या निवळीसारखं काहीतरी,
बघून कुणालाही वाटावं, हे सांडलं तरी चालेल.

त्यात ते कण.
कोट्यवधी वर्षांपूर्वी पाहुणे म्हणून शिरलेले,
मग बिऱ्हाड थाटलं, मग घरचेच झाले,
आता त्यांच्यावाचून आपला श्वासही फुकट.
आठशे बारा पायऱ्या त्यांनी चढल्यात.
आता त्यांना नेऊन सोडायचं
जिथे एकही पायरी नाही अशा अंधारात,
आणि म्हणायचं, पेटवा.
मांडी डोक्याला उसनं देते आहे. व्याज नाही, कागद नाही.

हे कण फक्त आईकडून येतात.
बापाचं इथे काही चालत नाही.
म्हणजे नळीत ओडलाउगची आई आहे,
तिची आई, आणि मागे हेरिंग साफ करणाऱ्या
बायकांची कुठवर गेलेली रांग.
हे मला धावताना आठवायला नको होतं.
माझी आई नऊ वर्षं "मीठ" हा शब्द शोधत होती.
"बर्फ" म्हणायची. एकदा "रविवार" म्हणाली.
आम्ही तिला एकेक चुकीची वस्तू देत राहिलो,
आणि ती दर वेळी "आभार" म्हणायची,
तो शब्द मात्र शाबूत होता.
तेव्हा असली नळी नव्हती.
असती तरी उपयोग झाला असता का,
ते आजही कुणी सांगू शकत नाही.

बत्तिसाव्या मिनिटाला मी दारात.
डॉक्टर वेगार्डने नळी घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही.
बारीक नलिकेतून सगळं हळूहळू वर गेलं.
एवढंच. आवाज नाही, उजेड नाही.
बाहेर नवऱ्याने विचारलं,
"पायात काही कमी नाही ना पडणार?
चढ फार आहे हो."
मी म्हटलं, पायाला पत्ताही लागणार नाही.

तिसऱ्या सकाळी तिला किल्ली दाखवली.
ओडलाउग बराच वेळ बघत राहिली.
"पत्र," म्हणाली.
मी रकान्यात फुली मारली.
मग तिचं कपाळ आक्रसलं,
डाव्या हाताने तिने ते पत्र हवेतच बाजूला सारलं.
"नाही," म्हणाली. "नाही. ते दाराचं..."

आमच्या तक्त्यात बरोबर आहे, चूक आहे.
या "नाही"साठी रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीने वेळ लिहून ठेवली,
आठ वाजून चार मिनिटं,
आणि किल्ली अजून थोडा वेळ
तशीच धरून ठेवली.